ओठापाशी थांबलेली धमनी

दंतवैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी शिकवायला लागले तेव्हा चेहऱ्याचं डिसेक्शन मला नकोसं वाटायचं. कातडी पातळ, खाली पिवळी चरबी, आणि नर्व्हचे बारीक फाटे पोरांच्या फोर्सेप्समध्ये पटापट तुटायचे. फेशियल आर्टरी मात्र हमखास सापडे. जबड्याच्या खालच्या कडेवरून, मॅसेटर स्नायूच्या अगदी पुढून ती चेहऱ्यावर चढते. दात घट्ट आवळून तिथे बोट ठेवलंत तर तुम्हालाही तिचा ठोका लागेल. पुढे ती नागमोडी वळणं घेत ओठाच्या कोपऱ्यावरून आणि नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला पोचते. निदान डिसेक्शनच्या पुस्तकात, कनिंगहॅमच्या मॅन्युअलमध्ये तरी पोचते.

एका टेबलावरून हाक आली, "मॅडम, आमची ओठापाशीच संपली."

"तोडली असशील," शेजारचा म्हणाला.

वाकून पाहिलं. तुटल्याची खूण कुठेच नव्हती. वरच्या ओठाला फाटा देऊन धमनी खरोखरच संपली होती. मग कानापुढून गालावर आडवी येणारी ट्रान्सव्हर्स फेशियल शोधायला लावली. एरवी ही इतकी किरकोळ की व्हायव्हातही तिला फारसं कुणी विचारत नाही. इथे ती चांगली जाडजूड निघाली, गालाचा बराचसा भाग तिनेच सांभाळलेला. त्याच चेहऱ्याची दुसरी बाजू उघडली, तर तिथली फेशियल आर्टरी सरळ डोळ्यापर्यंत गेलेली. एकाच माणसाचे दोन गाल, दोन नकाशे! त्यानंतर मी दोन्ही बाजू उघडल्याशिवाय पोरांना आकृती काढू दिली नाही.

वरच्या जबड्याला रक्त देणाऱ्या मॅक्सिलरी आर्टरीचंही तेच. ती जबड्याच्या सांध्याखालून आत शिरते आणि वाटेत लॅटरल टेरिगॉइड स्नायू येतो. काहींमध्ये ती या स्नायूच्या बाहेरून जाते, काहींमध्ये आतून. जपानी लोकांत बाहेरून जाण्याचं प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आढळतं. अशा फरकांची मुळं गर्भात आहेत. तिथे या भागाचा पुरवठा आधी इंटर्नल कॅरॉटिडच्या स्टेपीडियल नावाच्या फांदीकडे असतो. नंतर एक्सटर्नल कॅरॉटिड तो आपल्याकडे घेते आणि जुनी फांदी विरून जाते. जमिनीच्या फेरफारासारखा हा कारभार, एखादी जुनी नोंद तशीच राहून जाते. म्हणून क्वचित मेंदूच्या आवरणाची धमनी मॅक्सिलरीऐवजी डोळ्याच्या धमनीतून निघालेली सापडते.

हे सगळं परीक्षेपुरतं, असं पोरांना वाटतं. पुढे इम्प्लांट करू लागलेल्या एका विद्यार्थिनीचा संध्याकाळी फोन आला. रुग्णाच्या वरच्या दाढा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हाड झिजलं होतं आणि सायनस लिफ्ट करायची होती. म्हणजे गालाच्या बाजूने सायनसच्या, दाढांवरच्या हवेच्या पोकळीच्या, भिंतीला खिडकी पाडायची, आतला पडदा उचलायचा आणि खाली हाडाची भर घालायची. नेमक्या याच भिंतीत मागची सुपीरियर अल्व्हिओलर आणि इन्फ्राऑर्बिटल या धमन्यांच्या फांद्या एकमेकींना मिळतात. दाढा गेल्यावर हाड खालून झिजतं, त्यामुळे ही जोडवाहिनी हिरडीच्या कडेला जवळ येते. तिने जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढला होता. "मॅडम, सीबीसीटीत भिंतीत खाच दिसतेय. दोन मिलिमीटरच्या वर आहे." एवढी मोठी सहसा नसते. खिडकी तिच्या खालून घे आणि फिरत्या बरऐवजी कंपनांनी हाड कापणारं पिझो वापर, असं आमचं ठरलं. ती वाहिनी कापली गेली तर जिवावर बेतत नाही, पण रक्ताने काही दिसेनासं होतं आणि त्या गडबडीत पडदा फाटतो.

तरी एक पेच उरतो. स्कॅनमध्ये ही वाहिनी प्रत्येकात दिसत नाही, डिसेक्शनमध्ये मात्र नीट शोधली तर जवळजवळ नेहमी सापडते. दिसली नाही म्हणजे नाहीच, असं धरणारा सर्जन मला कच्चा वाटतो.

वरच्या जबड्यात हाड भरून दात बसवून घेणार असाल, तर सीबीसीटी काढला का आणि त्यात भिंतीतली रक्तवाहिनी पाहिली का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.