मोटारीचे पोट

माझी १९६४ सालची फियाट रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असते. येणारेजाणारे तिच्या चकाकीचे कौतुक करतात; माझा जीव मात्र तिच्या पोटापाशी गुंतलेला! लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू ही जोडी पुरे. त्यात मीठ मिसळले, की गंजाला ऊतच येतो. वरून नवरीसारखी नटलेली एक गाडी मी पाहिली आहे. तिच्या तळाच्या पत्र्यावर बोट टेकले मात्र, ते आरपार गेले.

तळाला डांबराचा जाड लेप चोपडावा, असा सल्ला पुष्कळजण देतात. परंतु गंजल्या, ओलसर पत्र्यावर तो चढवला, की आत ओल कोंडते आणि लेपाआड गंज निवांतपणे पसरतो. म्हणून मी आधी चिखल धुतो, गाडी उन्हात वाळवतो, तारेच्या ब्रशाने पत्रा उजळेपर्यंत घासतो. मग जस्ताचा प्रायमर. सांध्यांत मात्र मेण मिसळलेले तेल सोडतो, कारण ते मऊ राहते व फटींत झिरपते. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांना पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती काडीने कोरत बसलो, की शेजारची मुले हसतात. हसोत बापडी! त्या भोकांत माती बसली, तर आत तळे साचते.

मृग तोंडावर आला आहे. उजवीकडची दोन भोके अजून कोरायची राहिली आहेत.