तांबूचं वय विचारणाऱ्यांसाठी

आमच्या तांबू कुत्रीच्या प्लीहेत गाठ आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "वय काय तिचं?" बारा म्हटलं की ऐकणाऱ्याचा निकाल तयार असतो. पुण्याहून मावशी म्हणते, "अगं, भरपूर जगली की. आता हाल नको करूस तिचे." इथे म्युनिकमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजी नेमकं उलट सांगतात: सगळे उपाय करा, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहील. दोघींचाही तांबूवर जीव आहे आणि दोघींचंही म्हणणं मला कळतं. पण दोघीही वयापासून सुरुवात करतात, त्याचा मला त्रास होतो. गाठ कसली आहे आणि कुठवर पोचली आहे, यावर ठरायला हवं.

गाठ सापडली ती मूत्राशयाच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत. डॉक्टरबाईंनी पोटावरचे केस काढले, जेल लावलं, आणि त्यांचा हात डाव्या बरगडीखाली येऊन थांबला. पडद्यावर प्लीहेच्या कडेला लिंबाएवढा काळपट गोल दिसत होता. तांबू माझ्या कोपराखाली नाक खुपसून निवांत पडली होती.

प्लीहेच्या गाठींबद्दल पशुवैद्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: तीनांतल्या दोन कर्करोगाच्या, आणि त्यांतल्याही दोनतृतीयांश हिमँजिओसार्कोमाच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणाऱ्या कर्करोगाच्या. पण गाठ तांबूसारखी सहज सापडलेली, न फुटलेली असेल, तर ती साधी निघण्याची शक्यता बरीच वाढते. साधी असली तर प्लीहा काढली की कुत्रं बरं. हिमँजिओसार्कोमा असला तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते तीन महिने हाती राहतात, केमोथेरपी जोडली तर चार ते सहा. सुई घालून पाहावं तर बरेचदा नुसतं रक्तच येतं, शिवाय रक्तस्रावाची भीती. खरं काय ते प्लीहा काढून प्रयोगशाळेत पाठवल्यावरच कळणार.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माजघराच्या भिंतीला एकदा फुगवटा आला. गवंडी म्हणाला, "उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." आजोबांनी भिंतीला हात लावू देण्याआधी त्याला माळ्यावर चढवलं, तुळया ठोकून बघायला. तुळईला वाळवी लागली असेल तर एकटी भिंत बांधून काय उपयोग? मग टेकू द्यायचे आणि राहता येईल तोवर सुखाने राहायचं. तुळई शाबूत असेल तर मात्र वाडा शंभर वर्षांचा असला तरी भिंत उघडायची. वाड्याच्या वयाची चर्चा आजोबांनी होऊच दिली नाही. तांबूची छाती मला त्या तुळईच्या जागी दिसते.

हिमँजिओसार्कोमा यकृतात आणि फुप्फुसांत पसरतो, हृदयाच्या उजव्या बाजूलाही सापडतो. म्हणून आधी छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे आणि हृदयाचा इको. उत्तर आल्यावर आपण काही वेगळं करणार असू तरच तपासणी करावी, असं माझं मत आहे, आणि इथे तसंच आहे.

आता पैशांचं. जर्मनीत पशुवैद्यांची फी सरकारी दरपत्रकाने बांधलेली आहे. 22 नोव्हेंबर 2022 पासूनच्या दरांनुसार कुत्र्याची साधी तपासणी 23.62 युरो, वर 19 टक्के कर. डॉक्टर याच्या तिपटीपर्यंत आकारू शकतात. रात्री-अपरात्री किंवा शनिवार-रविवारी तातडीने जावं लागलं तर किमान दुप्पट, कमाल चौपट, आणि 50 युरो वेगळे. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि कोणत्या पटीने लावला ते विचारा. गाठ सापडल्यावर विमा काढून भागत नाही, आधीचा आजार त्यात सहसा धरत नाहीत. घरात पिल्लू असेल तर निदान शस्त्रक्रियेचा विमा आताच काढा.

पैशांपेक्षाही घाई वाईट. ही गाठ अचानक फुटू शकते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्रं एकाएकी कोसळलं, पोट फुगलं, तर आत रक्तस्राव होतो आहे असं समजून तडक दवाखाना गाठायचा. तशा रात्री, रडत, अनोळखी डॉक्टरांसमोर कुणालाच नीट ठरवता येत नाही.

म्हणून आम्ही आधीच ठरवलं. छाती आणि हृदय स्वच्छ असलं तर प्लीहा काढायची. कर्करोग निघाला तर केमो नाही. कुत्र्यांना केमोचे डोस बेताचे देतात आणि बहुतेकांना ते सोसतात, त्यामुळे जे देतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. लिम्फोमा असता तर मीही दिली असती, कारण त्यात बरेचदा वर्षभराचा चांगला काळ मिळतो. इथे मिळणाऱ्या थोड्या महिन्यांतले दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांत घालवणं मला पटत नाही.

एक्स-रेत डाग दिसले तर शस्त्रक्रिया नाही. वेदनाशामक, आवडीचं खाणं आणि इझार नदीकाठी तिला झेपेल तेवढं फिरणं. त्यानंतर गाठ फुटली तर पोट उघडायचं नाही, तिला शांतपणे निरोप द्यायचा. त्या वेळी घरात कोण असेल सांगता येत नाही, म्हणून हे लिहून तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत ठेवलं आहे.