शेवट झाकून ठेवलेली गोष्ट

सोमवार, ५ ऑगस्ट

रात्रशाळेच्या दहावीला आज रस्किन बाँड यांची ‘द आइज हॅव इट’ सुरू केली. जेमतेम तीन-चार पानांची गोष्ट. रेल्वेचा डबा, दोन प्रवासी आणि त्यांचं बोलणं. दिवसभर राबून साडेसहाला बाकावर बसलेल्या माणसाला पेलेल एवढंच इंग्रजी त्यात आहे, पण विचार जाणत्या माणसाचा आहे. या वर्गासाठी तोच महत्त्वाचा. इथे कुरिअर पोचवणारा मुलगा आहे, एका सोसायटीचे वॉचमन काका आहेत, शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, कँटीनमधली दोन पोरं आहेत. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, पण काकांची आणि ताईंची शाळा त्याच्या आधीच सुटलेली, आणि पोरांची त्यानंतर मध्येच. अशांना ससा-कासवाच्या गोष्टीवर इंग्रजी शिकवणं हा त्यांचा अपमान आहे. भाषा कच्ची म्हणजे समज कच्ची नव्हे.

झेरॉक्स वाटल्या त्या गोष्टीतलं सहारनपूर स्टेशन येईपर्यंतच्याच. पुढचा भाग माझ्याकडे ठेवला. गाईडं पहिल्याच ओळीत शेवट सांगून टाकतात, मग वाचायला कारण उरत नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रोहाना स्टेशनवर मुलगी डब्यात चढते. निवेदक पूर्ण अंध आहे, फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळतो. वाचकाला हे लगेच सांगितलेलं असतं. मुलीला मात्र ते कळू द्यायचं नाही असं तो ठरवतो. एवढं कळल्यावर वर्ग सावरून बसला. आता हा पकडला जाणार की नाही, हे प्रत्येकाला पाहायचं होतं.

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: तिच्या पायात काय आहे हे याला कसं कळलं? कँटीनमधल्या धाकट्यानं ओळ शोधली. टाचांवर सपातांचा आवाज येतो, त्यावरून. मग अंदाजाची वाक्यं घेतली. ‘शी मस्ट बी यंग’, ‘शी माइट बी रिच’, आणि पुढे ‘बिकॉज’. नियम एवढाच की ज्या वाक्याला गोष्टीतल्या ओळीचा आधार नाही ते फळ्यावर चढणार नाही. ‘उंच असेल’ आलं, पुरावा निघेना, पुसलं. ‘श्रीमंत’ही गेलं. ‘तरुण’ राहिलं, कारण तिचा आवाज त्याला आवडला आहे आणि तिला पोचवायला आलेले बहुधा आईवडील आहेत. ‘मस्ट’ आणि ‘माइट’ यांतला फरक व्याकरणाच्या तक्त्यानं इतका स्वच्छ कळत नाही. खात्री किती आणि शंका किती, हे मनात आधी ठरावं लागतं, मग क्रियापद आपोआप सापडतं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

खिडकीचा प्रसंग. बाहेर कसं आहे, असं तो विचारतो. तुम्हीच का नाही पाहत, असं ती म्हणते. तो खिडकीशी सरकतो आणि पाहिल्याचं सोंग करतो. झाडं धावताहेत आणि आपण थांबलोय असं वाटतं ना, असंही विचारतो. तसं नेहमीच वाटतं, असं तिचं उत्तर. मग ती विचारते, काही प्राणी दिसतात का? तो ठामपणे नाही म्हणतो, कारण डेहराडूनजवळच्या जंगलांत प्राणी फारसे उरले नाहीत हे त्याला ठाऊक आहे. बाँड यांचा जन्म १९३४ साली कसौलीचा आणि आयुष्याचा मोठा भाग डेहराडून-मसुरीच्या परिसरात गेलेला. माहितीच्या माणसाचा हा तपशील आहे आणि निवेदक त्यावरच तरून जातो.

ताई म्हणाल्या, “बाई, ही पोरगी भाव खाते. साधं उत्तर देईना.”

वॉचमन काकांना पटलं नाही. “एकटी पोर आहे. अनोळखी माणसाशी तुटकच बोलावं.”

वाद मराठीतच रंगला आणि मी तो रंगू दिला. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको, या हट्टानं मोठी माणसं मुकी होतात. आधी मत तयार होऊ द्यावं. शेवटची दहा मिनिटं प्रत्येकानं आपलं मत दोन वाक्यांत इंग्रजीत मांडलं. ताईंनी ‘प्राउड’ हा शब्द मागून घेतला. मुलीविषयी वेगळी शंका मात्र कुणाच्याच वहीत नव्हती.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

शेवट मोठ्यानं वाचला. मुलगी उतरते, नवा प्रवासी चढतो. तिचे केस लांब होते की आखूड, असं निवेदक त्याला विचारतो. केसांकडे लक्षच गेलं नाही, असं तो म्हणतो. डोळे सुंदर होते, पण तिला त्यांचा उपयोग नव्हता, कारण ती पूर्ण अंध होती.

मी काही सांगायच्या आत कागद मागे उलटले गेले. आपण कुठे फसलो हे प्रत्येकाला स्वतः शोधायचं होतं. निवेदक बोलतो तेव्हा ती दचकते, डब्यात कुणी आहे हे तिला माहीत नव्हतं. सामान कुठे ठेवायचं, खिडकीतून कधी वाकायचं नाही, अशा बारीक सूचना तिला दिल्या जातात. खिडकीचं उत्तर आणि प्राण्यांचा प्रश्न तर समोरच होते. इतकं मन लावून इंग्रजी मजकूर दुसऱ्यांदा वाचताना या वर्गाला मी क्वचितच पाहिलं आहे.

काकांची हरकत सगळ्यांत चांगली. “हा नवा माणूस दारातून आत येतोय. ती आंधळी आहे हे त्याला एका क्षणात कसं समजलं?” उत्तर गोष्टीतच निघालं. दारात थोडा गोंधळ होतो आणि तो माणूस अडखळत माफी मागतो. ती ओळ आम्ही तिघा-चौघांकडून वाचून घेतली. बाँड यांनी पुरावा न बोलता ठेवून दिला आहे, हे काकांमुळे वर्गाला दिसलं.

कुणीतरी ‘बिचारी’ म्हणालं. कुरिअरवाला लगेच उसळला. लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजतं, त्या आवाजावर चालत जाणारे प्रवासी तो रोज बघतो. “बाई, ती माणसं माझ्या आधी जिना चढतात. बिचारी कशाला म्हणायचं?” माझंही तेच मत. सारख्याच चतुराईनं एकमेकांना चकवणारी ही दोघं आहेत. दया दाखवली की गोष्ट हातची जाते.

सोमवार, १२ ऑगस्ट

आज लेखन. सुरुवात दिलेली होती: ‘पीपल थिंक आय अॅम…’ आणि पुढे ‘बट…’.

कुरिअरवाल्यानं लिहिलं की पाठीवरची बॅग बघून त्याला सामानाच्या लिफ्टनं जायला सांगतात, पण त्या इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव त्याला पाठ आहे. कँटीनमधल्या थोरल्यानं लिहिलं की गिऱ्हाइकं त्याला मेनूकार्डावर बोट ठेवून दाखवतात. त्याला वाचता येतं हे त्यांच्या गावीही नसतं. ताई एका बँकेत गेल्या तेव्हा, काही न विचारताच त्यांच्यापुढे शाईचा पॅड सरकवला गेला. त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. हे सगळं त्यांनी पाच ओळींत इंग्रजीत लिहिलं आहे. भूतकाळाची दोन क्रियापदं चुकली आहेत. अर्थ कुठेही अडत नाही, म्हणून मी फक्त त्या दोन जागी टिंब दिलं, लाल रेघ मारली नाही.

पहिल्या नजरेचा सगळ्यांत कठोर निवाडा आपल्याकडे इंग्रजीवरून होतो. फाडफाड बोलणारा हुशार, अडखळणारा मठ्ठ. मुलाखतीत, दवाखान्यात, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या टेबलावर हेच चालतं. माझे विद्यार्थी त्या निवाड्याच्या भीतीनंच इंग्रजी शिकायला येतात, हे मला फार लागतं. त्यांनी इंग्रजी जरूर शिकावं, पण त्या भीतीपोटी नको.

बुधवार, १४ ऑगस्ट

पुढची गोष्ट ठरवायची होती. लँग्स्टन ह्यूज यांची १९५८ सालची ‘थँक यू, मॅम’ मनात होती. पर्स खेचू पाहणाऱ्या पोराला पकडून घरी नेऊन जेवू घालणारी बाई तिच्यात आहे. पण आधी टागोरांचा ‘काबुलीवाला’ घेईन. १८९२ सालची ही बंगाली गोष्ट, काबुलीवाल्याच्या झोळीत मुलं असतात असं मानून घाबरणारी पाच वर्षांची मिनी. काबुलीवाल्याप्रमाणे वॉचमन काकांचीही मुलगी दूर गावी आहे. ते या गोष्टीत काय शोधतील याची मला उत्सुकता आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना गोष्टीचं सोपं केलेलं गोषवारावजा रूप देऊ नका. छोटी पण अख्खी गोष्ट द्या, मूळ लेखकाच्या शब्दांत, आणि तिचा शेवट दोन-तीन तास तरी तुमच्याजवळच राहू द्या.