पिल्लूची पहिली पिकनिक

‘पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन वाईला? वेड लागलंय का तुम्हाला?’ इति सासूबाई! पाठोपाठ आईचा फोन. ऊन बाधेल, वारा लागेल, नजर लागेल... यादी काही संपेना.

पण खरं सांगू? ही ट्रिप पिल्लूसाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. दर वीकेंडला सॅक पाठीला लावून सटकणारी मी, गेले पाच महिने डोस द्यायला दवाखान्यात जाण्यापुरती काय ती घराबाहेर पडत होते. एका संध्याकाळी नवऱ्याने सहज विचारलं, ‘काय केलंस आज दिवसभर?’ आणि मला रडूच फुटलं. तो रविवार त्यानेच ठरवून टाकला.

वाईच का? पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर, जानेवारीची छान थंडी आणि गड-बिड चढायची भानगड नाही. सातला निघणार होतो, निघालो पावणेनऊला! दोघांचं सामान एका पिशवीत, पिल्लूचं तीन बॅगांत. डायपर, दुपटी, कुंची, कपड्यांचे पाच जोड.

‘मांडीवर घे की गं’ हा सल्ला मात्र मोडला. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे पिल्लू मागच्या सीटवर, मागे तोंड केलेल्या कार सीटमध्ये, आणि शेजारी मी.

शिरवळपर्यंत साहेब गाढ झोपेत. खंबाटकी घाट सुरू झाला आणि त्यांनी भोंगा सुरू केला. थांबायला जागा नाही, चालत्या गाडीत पट्टा काढायचा नाही. ती दहा मिनिटं मला दहा तासांची वाटली. ‘परत फिरू या?’ नवऱ्याने विचारलं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण घाट उतरून गाडी बाजूला घेतली, दूध पाजलं आणि पिल्लू चक्क हसलं! सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. थोडक्यात, किचन माझ्यासोबतच होतं.

वाईत ढोल्या गणपतीपाशी गर्दी दिसली. बाहेरूनच हात जोडले आणि तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यालगतचा तो देखणा घाट. २००४ च्या ‘स्वदेस’मधलं गाव इथेच शूट झालंय. झाडाच्या सावलीत सतरंजी पसरली, दुपट्ट्याआड पिल्लूचं जेवण झालं. मग नवरा म्हणाला, ‘आता तू एकटी फिरून ये.’

पाच महिन्यांत पहिल्यांदाच माझे हात रिकामे होते. क्षणभर काय करायचं तेच कळेना! घाटाच्या पायऱ्या उतरले, पाण्यात पाय बुडवले. मग मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली ती मोठी घंटा बघायला गेले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी. तीनशे वर्षं झाली, तिचे हात काही रिकामे झालेले नाहीत! हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. वीस मिनिटांची सुट्टी पंधरा मिनिटांतच संपवून मी परत आले. मात्र, आले ती फ्रेश होऊन.

धोमचं धरण राहिलं, पाचगणी राहिली. पूर्वी मी हळहळले असते. आता एक घाट, एक घंटा आणि ओले पाय एवढ्यावर रविवार वसूल!

संध्याकाळी दारातच सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग हळूच विचारलं, ‘पुढच्या वेळी गाडीत माझ्यासाठी जागा होईल का गं?’