शेक

आईला रेडिएशनचे पंचवीस दिवस ठरले तेव्हा आत्याचा फोन. "शेक देणार म्हणजे भाजणार का रे तिला?" मी ठामपणे "नाही गं" म्हणालो. खरं सांगायचं तर मला तरी कुठे माहीत होतं!

आई आत गेली की मी बाहेर बाकड्यावर. डोक्यात किडा वळवळायला लागला आणि हिशेब मांडला. रोजचा डोस २ ग्रे, म्हणजे किलोमागे २ ज्यूल. त्याने तापमान वाढतं एका अंशाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकं. चहाचा एक घोट याहून जास्त ऊब देतो. मग एवढ्याशा ऊर्जेने गाठ मरते कशी?

मला वाटायचं, किरण बंदुकीच्या गोळीसारखा थेट डीएनएला लागतो. तसंही होतं म्हणा. पण क्ष-किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं सुमारे दोन तृतीयांश पाण्यामार्फत होतं! पेशीच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच, त्यामुळे किरण बहुतेक वेळा त्यालाच धडकतो. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, दिसेल त्याच्याशी भांडणारा. पेशीत तो जगतो जेमतेम काही नॅनोसेकंद आणि सरकतो काही नॅनोमीटर. डीएनएची जाडीच २ नॅनोमीटर. म्हणजे लांबचं पाणी निरुपद्रवी, अगदी खेटून असलेलं घात करतं. घरचा भेदी!

पाणी काढून घेतलं तर? कोरड्या पावडरीतलं एन्झाइम विरघळलेल्या एन्झाइमपेक्षा कितीतरी जास्त डोस सोसतं. द्रावण नुसतं गोठवलं तरी नुकसान घटतं, कारण बर्फात रॅडिकलला हलताच येत नाही.

आईला काही वाळवता येत नाही की गोठवता येत नाही. आणि पाण्याला गाठीतलं कोण, कातडीतलं कोण, हे कळत नाही. निरोगी पेशी झालेलं नुकसान जास्त चांगलं दुरुस्त करतात, म्हणून तर रोज थोडं थोडं देतात. सगळी भिस्त त्या दुरुस्तीवर.

तिसऱ्या आठवड्यात आईची कातडी काळवंडली, मग सोलायला लागली. रात्री मीच आत्याला फोन केला. म्हटलं, उष्णतेने भाजत नाही गं, पण जखम भाजल्यासारखीच होते. तू ये.