संशयाचा आंकडा

संगणकावरील गोळीबाराच्या खेळांत अनोळखी प्रतिस्पर्धी तुल्यबळ मिळतात, ते योगायोगानें नव्हे. 'हेलो ३' (२००७) या खेळांत ही निवड मायक्रोसॉफ्टची 'ट्रूस्किल' पद्धति करी. बुद्धिबळांतील एलोपद्धतीप्रमाणें येथेंही बलवानास हरविल्यास गुण अधिक, दुर्बलास हरविल्यास थोडे. परंतु मूळ हिशेबांत प्रत्येकाच्या नांवें आंकडे दोन: कौशल्याचा अंदाज, आरंभीं २५, आणि त्या अंदाजाविषयींचा संशय, सुमारें ८.३३. अंदाजांतून संशयाची तिप्पट वजा जाते. म्हणून नवागत शून्यावर. सामने वाढतात तसतसा संशय घटतो. परीक्षकानें स्वतःचा संशय इतक्या प्रांजळपणें मांडलेला आम्हीं शाळेंत कधीं पाहिला नाहीं!

मात्र गणना केवळ संघाच्या जयापजयाची. एकटा उत्तम लढला, तरी संघाबरोबर उतरतो. आमच्या नातवाची तक्रार हीच. २०१८ सालच्या 'ट्रूस्किल २'मध्यें वैयक्तिक कामगिरीही जमेस धरली, हें ऐकल्यावर तो जेवावयास उठला.