लिंकची पॅकेजं, आमची भिशी आणि लसणाचा फोन



गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एक खाकरे करते, एक रुखवताचं सामान करते, एक ब्लाउज शिवून देते. प्रत्येकीने मुलाकडून नाहीतर भाच्याकडून वेबसाइट करून घेतली आहे आणि प्रत्येकीला तसाच फोन येतो, "मॅडम, तुमच्या साइटला लिंक नाहीत, म्हणून तुम्ही गुगलवर दिसत नाही. आमचं लिंक बिल्डिंगचं पॅकेज घ्या." मग त्या मला विचारतात, की याला इतके पैसे का पडतात आणि द्यावेत का? हे मी ४४,४८० रुपये घालवून शिकले आहे. तेवढे तुमचे वाचावेत म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई शहाडला घरूनच मसाले करतो. गोडा मसाला, सांबार मसाला, पावभाजी मसाला, मेतकूट आणि भाजणी. कशातही कांदा-लसूण नाही. खडा मसाला कल्याणच्या बाजारातून येतो, पाकिटं उल्हासनगरातून. चातुर्मासात मागणी वाढते, एरवी महिन्याला अडीचशेच्या आसपास पाकिटं जातात. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने साइट करून दिली. पण कोणी "कांदा-लसूण नसलेला मसाला" असं शोधलं, की आमची साइट पाचव्या-सहाव्या पानावर. तिथवर कोण जातंय?

तेवढ्यात एका एजन्सीचा फोन आला. त्यांनी तीन पॅकेजं पाठवली. महिन्याला १२,००० रुपयांत १५ लिंक, २२,००० मध्ये ३० आणि ४०,००० मध्ये ६०. किमान सहा महिने घ्यायचं, वर १८ टक्के जीएसटी. पुतण्याने घासाघीस करून सहाचे तीन महिने केले. जाऊबाईंची भिशी तेव्हाच लागली होती. त्या पैशांतून मोठा मिक्सर घ्यायचं आमचं ठरलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "मिक्सर पुढच्या वर्षी घेऊ. आधी गिऱ्हाईक तर वाढू दे." मीही हो म्हणाले. दोष एकट्या त्यांचा नाही.

आधी लिंक म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. दुसऱ्या कोणाच्या साइटवर तुमच्या साइटचा दुवा असतो, त्यावर बोट ठेवलं की माणूस तुमच्याकडे येतो. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गुगल सुरू केलं, ते याच कल्पनेवर. ज्या पानाकडे जास्त लोक बोट दाखवतात ते पान कामाचं असणार, आणि बोट दाखवणारा स्वतः जितका भरवशाचा, तितकं त्याच्या बोटाला वजन. आपण मुलीसाठी स्थळ पाहतो तेव्हा हेच करतो की. चार ठिकाणी चौकशी करतो. शेजारच्या जुन्या काकूंनी "घर चांगलं आहे" म्हटलं, की त्याला वजन असतं. आणि त्या घराने पैसे देऊन बोलायला बसवलेला माणूस तेच म्हणाला तर?

तर मग पॅकेजमधली लिंक काय भावाने पडली, ते पाहा. १२,००० भागिले १५ म्हणजे ८०० रुपये. मोठ्या पॅकेजात तीच ७३३ ला, सगळ्यात मोठ्यात ६६७ ला. जितकं जास्त घ्याल तितकं स्वस्त, घाऊक भावासारखं. कर धरून आमची एक लिंक ९४४ रुपयांना पडली. आमचा व्यवसाय जीएसटी नोंदणीइतका मोठा नाही, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही. एका पाकिटामागे आमच्या हातात सुमारे ४० रुपये राहतात. म्हणजे एका लिंकसाठी २४ पाकिटं. तीन महिन्यांचे झाले ४२,४८० रुपये, म्हणजे १,०६२ पाकिटं. पाकीट २०० ग्रॅमचं, म्हणजे २१२ किलो मसाला भाजायचा, कुटायचा, चाळायचा आणि त्यातून आमच्या हाती काही येणार नाही. हा हिशेब आम्ही सही करण्याआधी केला असता तर! आम्ही तो नंतर केला.

तीन महिने संपत आले आणि एका दुपारी बार्शीहून एका आजींचा फोन आला. आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. एरवी फोनवर आधी माझ्या सासूबाईंची चौकशी करतात. त्या दिवशी आवाज एकदम बारीक होता. "ताई, तुमच्या मसाल्यात लसूण असतो का गं? नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं." मी म्हटलं, "नाही हो आजी, कधीच नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच वर्षं खातेय मी. माझा तर त्याग आहे. माझ्याकडून काही चुकलं तर नाही ना?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नावर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

नातीने जे वाचलं होतं ते आम्हीच विकत घेतलेलं होतं. कुठल्याशा इंग्रजी साइटवर लेख होता, त्यात आमच्या मसाल्याला "भाजलेल्या कांदा-लसणाची अस्सल महाराष्ट्रीय चव" असं म्हटलं होतं आणि खाली आमची लिंक. लिहिणाऱ्याने आमचं पाकीट पाहिलेलंही नव्हतं. महाराष्ट्रीय मसाला म्हणजे कांदा-लसूण असणारच, असं धरून त्याने लिहून टाकलं.

त्या रात्री पुतण्याने सगळी यादी उघडली. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे, त्यात आपल्याकडे कोण कोण बोट दाखवतं ते दिसतं. ४५ लिंकपैकी १९ होत्या कुठल्यातरी पानांखाली चिकटवलेल्या शेऱ्यांत आणि रिकाम्या प्रोफाइलवर. १४ होत्या नावापुरत्या यादीच्या साइटवर, जिथे आमच्या वर परदेशातला नळ दुरुस्तीवाला आणि खाली जुगाराची साइट. उरलेले १२ लेख. त्यांतल्या तिघांत कांदा-लसूण, आणि एका लेखात तर कोणी बाई "मी स्वतः पर्युषणात हाच मसाला वापरते" असं सांगत होती. अशी बाई कुठेच नव्हती. या ४५ पानांवरून तीन महिन्यांत आमच्या साइटवर नऊ माणसं आली. ऑर्डर एकही नाही.

एजन्सीला फोन केला तर म्हणाले, लेख काढणं साइटच्या मालकाच्या हातात आहे. आम्ही तिन्ही मालकांना लिहिलं. दोघांनी काढला, तिसऱ्याने काढायचे २,००० रुपये मागितले. मी म्हटलं, देऊ नका. जाऊबाई म्हणाल्या, "घालायला पैसे दिले तसे काढायला देऊ. ते वाक्य राहता कामा नये." दिले. मग सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला आणि पाकिटावरच्या घटकांच्या यादीचा फोटो साइटवर पहिल्याच पानावर लावला.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लसूण नंतर आला गं. पैसे देऊन दुसऱ्याकडून आपली स्तुती लिहून घेतली, तेव्हाच चुकलं." तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात कूटलेखक्रिया आहे. खोटा लेख तयार करणं. स्वाध्यायात हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल. तो खोटे दस्तऐवज करणाऱ्यांसाठी आहे, आपला काय संबंध, असंच वाटायचं.

गुगलचा नियमही याहून फार वेगळा नाही, हे मला नंतर कळलं. पैसे देऊन लिंक घेणं हा गुन्हा नाही, ती जाहिरात आहे. फक्त तिच्यावर जाहिरातीची खूण हवी. २००५ पासून "नोफॉलो" आणि २०१९ पासून "स्पॉन्सर्ड" अशा खुणा त्यासाठी आहेत. खूण असली की ती शिफारस म्हणून मोजली जात नाही. पॅकेजवाले खूण न करता लिंक विकतात, म्हणजे जाहिरात शिफारस म्हणून खपवतात. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानाचं असंच प्रकरण उघड केलं. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या दोन हजारांवर पानांपैकी बहुतेकांचा दुकानाच्या मालाशी काही संबंध नव्हता. गुगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावरचं हे दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी, २०१२ च्या जानेवारीत, पैसे देऊन लिहवलेले लेख सापडले म्हणून गुगलने स्वतःच्या क्रोमच्या पानालाही किमान साठ दिवस खाली ढकललं.

आपल्यासारख्या छोट्या साइटवर इतकं मोठं संकट सहसा येत नाही. आता गुगलची यंत्रणा अशा लिंक ओळखते आणि बहुतेक वेळा नुसती सोडून देते, मोजतच नाही. म्हणजे नुकसान दिसत नाही, फक्त पैसे पाण्यात जातात. म्हणूनच कित्येक जणी वर्षानुवर्षं भरत राहतात.

मग खरी लिंक मिळवायला काय पडतं? त्यात खरं काम असतं. तुमच्या विषयावरच्या चांगल्या साइट शोधायच्या. त्यांच्या वाचकांना उपयोगी पडेल असं काही लिहायचं. मग मालकाला पत्र, पुन्हा आठवण. बरेच जण उत्तर देत नाहीत. एका चांगल्या लिंकमागे जाणत्या माणसाचे दोन-तीन दिवस सहज जातात. त्या दिवसांची मजुरी धरा, ८०० रुपयांत ते बसतच नाही. मग ८०० ला देणारा नेमकं काय वगळतो? तेच काम वगळतो. याचा अर्थ महाग तेवढं खरं, असाही नाही. महाग पॅकेजातही बऱ्याचदा साइटमालकाला गुपचूप दिलेले पैसेच असतात. म्हणून आकडा पाहण्याआधी, तो कशाचा आहे ते विचारा. माझे प्रश्न लिहून ठेवा:

१. लिंक कुठल्या साइटवर लागणार, त्यांची नावं पैसे भरण्याआधी दाखवाल का?
२. साइटमालकाला पैसे देता का? देत असाल तर लिंकवर जाहिरातीची खूण असेल का?
३. लेख कोण लिहिणार, आणि तो छापण्याआधी मला वाचायला मिळेल का?
४. मजकूर चुकीचा निघाला तर काढून देण्याची जबाबदारी कोणाची? ते करारात लिहाल का?
५. पहिला नंबर नक्की, असं म्हणता का? म्हणत असतील तर तिथेच थांबा. असं वचन कोणी देऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न आम्ही विचारला असता तर आजींचा तो फोन आला नसता.

आता आम्ही काय करतो तेही सांगते. गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, ती नीट भरली. साइटवर दर पंधरा दिवसांनी एक पाककृती लिहिते. कांदा-लसूण नसताना आमटीला चव कशी आणायची, भाजणी किती भाजायची, असं. आमच्याकडून मसाला घेणारे कल्याणचे एक केटरर आहेत, त्यांनी आपल्या साइटवर "मसाले यांचे" म्हणून आमचं नाव दिलं, तेही स्वतःहून. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या अकरा जणींना मी पत्रं लिहिली. तिघींनी उत्तर दिलं, दोघींनी आमच्या पाककृतीचा दुवा दिला. पैसे कोणालाच दिले नाहीत. "मसाला पाठवते, लिंक द्या" असंही म्हटलं नाही, कारण वस्तूच्या बदल्यात लिंक घेणंही गुगलच्या नियमात बसत नाही. तू माझी दे, मी तुझी देते, असा घाऊक देवघेवीचा मार्गही तसाच. चव पाहायला मसाला पाठवते, पण अट घालत नाही. लिहिलं तर लिहिलं.

आमची साइट आता दुसऱ्या पानावर दिसते. पहिल्यावर नाही. मिक्सर अजून जुनाच आहे, पावभाजी मसाल्याला दोनदा फिरवावा लागतो. जाऊबाईंची पुढची भिशी दिवाळीनंतर आहे.

आणि बार्शीच्या आजी. निरोप पाठवल्यावर मी त्यांना पुन्हा फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं, आम्ही पैसे दिले होते तेही. त्यांना लिंक वगैरे काही कळलं नाही. "म्हणजे तुम्ही न बघता सही केली," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं. दोन महिने ऑर्डर आली नाही. परवा आली, गोडा मसाला अर्धा किलो. सोबत नातीने लिहिलं होतं, "आजी म्हणते, पाकिटावरची यादी या वेळी मोठ्या अक्षरांत पाठवा."

पाठवली. आता सगळ्याच पाकिटांवर मोठ्या अक्षरांत छापून घेतोय.